रेड ऑक्साइडचे दोन हात

४ फेब्रुवारी, बुधवार

नवी पिकअप परवा आली. काल रात्री जेवताना बाबा ताटावरची नजर न उचलता म्हणाले, "गाडीचं बघणं तुझ्याकडे." मी विचारले, "म्हणजे सगळं?" ते म्हणाले, "चालवायची मामानं, बघायची तू. यात न कळण्यासारखं काय आहे?" आईने मला गुपचूप आणखी भात वाढला.

गेल्या वर्षीपासून मला आमच्या अंडी उबवायच्या हॅचरीतल्या मशीनच्या खोलीत जायला बंदी आहे. उबवणीच्या यंत्रातली उष्णता बरोबर आहे ना, हे बघायला मी दिवसातून दहा-बारा वेळा दार उघडत होतो. दर वेळी उष्णता बरोबर असायची. पण त्या खेपेची निम्मी पिल्ले निघालीच नाहीत. दार सारखे उघडल्यामुळेच, असे बाबा म्हणाले, आणि नंतर महिनाभर काहीच म्हणाले नाहीत. नववीत माझी शाळा सुटली तेव्हाही ते इतके गप्प झाले नव्हते.

म्हणून आज पहाटेपासून गाडीला लागलो. गाडीबरोबर आलेली पुस्तिका दोनदा वाचली. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावले. पायाखाली रबर कापून बसवले. आरशांचे स्क्रू आवळले. एकेक चाक काढून आतली बाजू पुसली. चाक ज्या गोल लोखंडी थाळीवर बसते तिला हब म्हणतात. तिथे नव्या गाडीलाही गंजाचे बारीक ठिपके दिसले. शोरूमच्या अंगणात उघड्यावर उभी असणार. चारही हबांना आणि चाकांच्या आतल्या बाजूला रेड ऑक्साइडचे, म्हणजे गंज रोखणाऱ्या लाल रंगाचे, दोन हात मारले. आता दहा वर्षे गंज लागायचा नाही. नट पुस्तिकेत दाखवले तसे समोरासमोरचे आवळले. प्रत्येक चाकाला सहा.

आई म्हणाली, काम करताना मी शीळ घालत होतो. मला आठवत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नव्या गाडीची पहिली खेप. अंडी देणारा फार्म पंचावन्न किलोमीटरवर आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथून शंभर ट्रे येतात, म्हणजे तीन हजार अंडी. मामा चालवत होता, मी शेजारी.

पासष्टच्या वर गेल्यावर गाडी थरथरू लागली. आधी सीटखाली, मग स्टिअरिंगमध्ये. मी मामाकडे पाहिले.

"नवी चप्पल चार दिवस चावतेच," मामा म्हणाला.

"चप्पल चावली तर पायाला चावते, मामा. मागे अंडी आहेत."

"मग अंड्यांना सांग, चार दिवस कळ काढा."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मी जन्मलो त्या वर्षापासून हॅचरीची गाडी तोच चालवतो. त्याला सगळ्याची थट्टा सुचते.

घरी आल्यावर एकेक अंडे दिव्यासमोर धरून पाहिले. केसासारखी चीर गेलेली चव्वेचाळीस. जुन्या गाडीत बारा-तेरा असायची. चिरलेले अंडे उबवायला ठेवता येत नाही. आणि जी चिरली नाहीत ती आतून हिंदकळली असतील, ते यंत्रात ठेवल्यावर एकवीस दिवसांनी कळणार.

एक वेगळी वही केली. रकाने: तारीख, चालक, वेग, थरथर, चिरलेली अंडी, गाडीवर केलेले काम.

९ फेब्रुवारी, सोमवार

काल आणि आज रिकामी गाडी घेऊन मामाबरोबर मोठ्या रस्त्यावर गेलो. काचेचा पेला अर्धा भरून समोर ठेवला, खाली ओला फडका. पाण्यावर लाटा कधी येतात ते लिहीत गेलो.

उभ्या गाडीत इंजिन कितीही जोरात फिरवले तरी पाणी शांत. म्हणजे इंजिन नव्हे. बासष्टला लाटा सुरू. बाहत्तरला पाणी पेल्याबाहेर. पंच्याऐंशीला जरा कमी. बाहत्तरला क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली तरी लाटा तशाच. म्हणजे गाडीबरोबर जे फिरते त्यातच दोष आहे: चाके, ड्रम किंवा शाफ्ट.

हे मी एकट्याने शोधले. मामाला समजावून सांगितले तर म्हणाला, "शाबास. आता पेल्यातलं उरलेलं पाणी मला दे, घसा सुकला." आणि खरोखर पिऊन टाकले. बाहत्तरची चाचणी पुन्हा एकदा करायची होती, ती राहिली.

११ फेब्रुवारी, बुधवार

कालच्या खेपेला सत्तेचाळीस.

आज टायरवाल्याकडे गेलो. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो टायरला कान लावून ऐकतो. त्याने चारही चाके काढून मशीनवर फिरवली. सुईसुद्धा हलली नाही.

"चाकं सोन्यासारखी आहेत," डॉक्टर म्हणाला. मग त्याने चाक गाडीवर चढवले, जॅकवरच हाताने फिरवले आणि कडेला खडूचा तुकडा धरला. खडू एकाच बाजूला लागला. "हे बघ. मशीनवर सरळ, गाडीवर वाकडं. याचा अर्थ काय?"

"काय?"

"चाक चांगलं, गाडी चांगली. जे काही आहे ते दोघांच्या मध्ये आहे."

"दोघांच्या मध्ये तर काहीच नसतं," मी म्हणालो.

"मग काहीच नसेल," असे म्हणून तो चहाला गेला. अशा बोलण्याला काय अर्थ आहे? नुसते नाव डॉक्टर.

चाके काढता-घालताना दोन हबांवरचा रंग खरचटला होता. डबा मी बरोबर ठेवतोच. तो चहाला गेला तेवढ्यात तिथे पुन्हा हात मारून घेतला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एकसष्ट. वाढतच आहेत.

बाबा फाटकापाशी उभे होते. माझ्या हातातली वही घेऊन त्यांनी आकडा पाहिला आणि मामाला विचारले, "कुठं आपटलीस का गाडी?"

"नाही दाजी."

"जुन्या गाडीचा अ‍ॅक्सल तुझ्याच हातात मोडला होता."

"सतरा वर्षांच्या गाडीचा मोडला, दाजी. माझ्याऐवजी तुम्ही असता तर तुमच्या हातात मोडला असता."

बाबा हसले नाहीत. मला मामाचा राग आला. अशा वेळी थट्टा करू नये हे त्याला कळायला हवे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शोरूमचा इंजिनिअर येऊन गेला. त्याच्या शर्टाची घडी इतकी कडक होती की मामाने लगेच त्याचे नाव इस्त्रीवाला ठेवले. गाडीखाली न झोपता त्याने गाडी तपासली. शाफ्ट ठीक, इंजिनचे रबर ठीक. शेवटी बाबांना म्हणाला, "गाडीत दोष नाही. चालवणाऱ्याच्या सवयी बघा."

"बघतो," बाबा म्हणाले.

मी रात्री पुष्कळ विचार केला. इस्त्रीवाला शिकलेला माणूस आहे. मामाला मी लहानपणापासून ओळखतो, पण ओळखणे हा काही पुरावा नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

परत येताना डाव्या मागच्या चाकातून टकटक ऐकू आली. मामाने गाडी कडेला घेतली. त्या चाकाचे सहाही नट अर्धा-अर्धा फेरा सैल! सकाळीच मी ते आवळले होते. गेले आठ दिवस रोज आवळतो आणि रोज सैल निघतात.

मामा थट्टा न करता खाली उतरला. त्याने जॅक लावून चाक काढले. हबवर हात फिरवला. मग नखाने रंग खरवडला. नखाखाली लाल पापुद्रा आला.

"हा रंग कंपनीचा?"

"नाही, मी लावलाय. दोन हात. गंज लागू नये म्हणून. चाकालासुद्धा आतून लावलाय."

मामा त्या पापुद्र्याकडे बघत राहिला. "चारही?"

"चारही."

"दाजींना माहीत आहे?"

"त्यात सांगायचं काय आहे? गाडी बघणं माझ्याकडे आहे."

"खरंय," मामा म्हणाला. "चल, चाक लाव. अंडी उन्हात आहेत."

मी चाक लावले. मामा दगडावर बसून माझ्याकडे बघत होता. हसतोस का, असे विचारले, तर म्हणाला, "काही नाही. शीळ चांगली घालतोस."

अठ्ठावन्न अंडी चिरली. नट सैल का होतात ते अजून कळत नाही. चाक धावत्या गाडीतून निघाले तर काय होईल, हे लिहून बघितले आणि खोडले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज काही काम झाले नाही. आईला डोळे तपासायला न्यायचे होते. म्हणजे मामानेच तिला आठवण करून दिली आणि मलाच बरोबर ने म्हणून सांगितले. तीन तास रांगेत गेले. नंबर तोच निघाला. घरी आलो तेव्हा मामा गाडीपाशी हात धूत होता. "गाडी धुतली," म्हणाला. गाडी धुतलेली दिसत नव्हती.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

थरथर नाही!

बासष्ट, बाहत्तर, ऐंशी. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नाही. मी पेला तीनदा पुसून ठेवला. अंडी अकराच चिरली. नट संध्याकाळीसुद्धा घट्ट.

"बघ, गाडी चालून चालून बसली," मामा म्हणाला.

"अशी कशी बसली?"

"तुला आवडलं नाही का बसलेली? पुन्हा उठवू?"

बाबांनी आकडा पाहून मान हलवली. आनंद व्हायला हवा. पण कारणाशिवाय गेलेला आजार कारणाशिवाय परत येतो. कारण शोधल्याशिवाय मला चैन पडणार नाही. उद्या चाके उघडून बघतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पेन्सिलचे टोक दोनदा मोडले म्हणून अक्षर असे येते आहे.

चाके काढली. चारही हब खरवडलेले! चाकांच्या आतली बाजूसुद्धा. पॉलिश पेपरने घासून घासून उघडे लोखंड काढले आहे. रंगाचा टिपूस नाही. नव्या गाडीची ही दशा. मला न विचारता, मला न सांगता. गाडी बघणे कोणाकडे आहे?

मामाच असणार. गुरुवारी मी नसताना. त्याला माझ्या कामाची कधी किंमतच नव्हती, सगळ्याची थट्टा. डबा सापडेना, तोही त्यानेच नेला असेल. दुकानातून नवा आणला. या वेळी तीन हात मारले, मधे वाळू देऊन. संध्याकाळ झाली. शीळ वगैरे काही घातली नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

थरथर परत आली. पूर्वीपेक्षा जास्त. मामाने साठवर येताच वेग कमी केला आणि माझ्याकडे वळून विचारले, "चाकं काढलीस का?"

"माझी जबाबदारी आहे. काढणारच."

त्याने कपाळावर हात मारला. मग सबंध रस्ताभर पन्नासच्या वर गेला नाही. आता तेवढ्या वेगातही थरथर होती; चौसष्ट चिरली.

फाटकापाशी बाबा होते. मी वही उघडून पुढे केली. फार्मवर ट्रे चढत असताना मी त्यात स्वच्छ अक्षरात लिहून ठेवले होते: "दि. १९ रोजी मामाने मला न सांगता चारही चाके काढून लोखंड खरवडले. त्यानंतर दोष वाढला."

बाबांनी ते मोठ्याने वाचले. मग मामाला विचारले, "खरं आहे?"

मामाने आधी माझ्याकडे पाहिले. मला वाटले आता काहीतरी थट्टा करेल.

"खरं आहे, दाजी."

"कशासाठी?"

"चूक झाली."

"वीस वर्षांत गाडी कशी सांभाळायची ते कळलं नाही तुला," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. मामाने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. जाताना माझ्या वहीवर बोट टेकवून म्हणाला, "अक्षर मात्र फार छान आहे तुझं."

२५ फेब्रुवारी, बुधवार

आई माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते आणि जाते. मामा सोमवारपासून खाणीवर खडीचा ट्रक चालवायला जाणार आहे. तिथेच राहायचे, महिन्यातून एकदा घरी. त्याच्या कमरेला ते झेपायचे नाही, असे आई बाबांना सांगत होती. बाबांनी रेडिओ मोठा केला.

मी खरे तेच लिहिले होते. एकही शब्द खोटा नव्हता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज गाडी मी चालवली. लायसन्स काढल्यापासून पहिल्यांदा एवढी लांब. बाबा शेजारी बसले होते. खड्डा दिसला की मी जवळजवळ थांबत होतो.

तरी थरथर तीच. बाहत्तरला स्टिअरिंग दोन्ही हातांत धरवत नव्हते. सहासष्ट चिरली.

बाबा म्हणाले, "म्हणजे मामाचं चालवणं नव्हे." आणि थोड्या वेळाने, "पण त्यानं खरवडलं ना. त्यातच बिघडलं असणार."

"पण त्याच्या आधीपासूनच," मी म्हणालो आणि थांबलो. बाबांनी पुढे विचारले नाही. ते बाहेर बघत होते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

वहीची नवी प्रत करायला बसलो होतो. मामाच्या चहाचे डाग पडले आहेत म्हणून. रकाने आखले. थरथरीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत "आहे, आहे, आहे, आहे" लिहीत गेलो. एकाच ओळीत "नाही". वीस तारीख.

मग शेवटचा रकाना उतरवायला घेतला, गाडीवर केलेले काम. चार तारखेला रंग, दोन हात. अकराला पुन्हा रंग. एकोणीसला खरवडले. एकवीसला रंग, तीन हात.

"नाही" ही ओळ खरवडणे आणि रंग यांच्या मधोमध होती.

मी पट्टी ठेवून पुन्हा पाहिले. मग तिसऱ्यांदा. डॉक्टर म्हणाला होता, दोघांच्या मध्ये आहे. मध्ये मी होतो. माझा रंग. एकीकडे ओघळ जाडा, दुसरीकडे पातळ. त्यावर चाक सपाट कसे बसेल? आणि दाबाखाली रंग चुरगळत गेला की नट सैल पडणारच. मी दहा दिवस रोज सकाळी नट आवळत होतो आणि एकदाही विचारले नाही की ते कशावर आवळतो आहे.

पुस्तिका काढली. "चाक बसण्याची जागा स्वच्छ ठेवावी." या वाक्याखाली मीच पेन्सिलने रेघ मारली आहे. स्वच्छ म्हणजे रंगवलेली, असे कोणी म्हटले होते?

मामाला नखाखालचा पापुद्रा बघताक्षणी कळले होते. सबंध वहीत मी त्याच्याविरुद्ध लिहीत गेलो, आणि एवढ्या दिवसांत गाडी बरी करणारे एकच काम त्यात आहे, तेही मी त्याचा गुन्हा म्हणून लिहिले आहे.

१ मार्च, रविवार

सकाळी सहाला सुरुवात केली. चार हब, चार चाके. पॉलिश पेपरचे अकरा तुकडे लागले. बोटांची साले गेली. नऊ वाजता एकटाच मोठ्या रस्त्यावर गेलो. बाहत्तरला पेल्यातले पाणी असे होते की त्यात गाडीचे छत दिसत होते. गाडी कडेला घेतली आणि ते पाणी पिऊन टाकले.

घरी आलो. बाबा अंगणात ट्रे धूत होते. मी सगळे सांगितले. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आले नसते, म्हणून एका दमात सांगितले. रंग, पुन्हा रंग, मामाने खरवडणे, पुन्हा रंग.

बाबांनी नळ बंद केला.

"गेल्या वर्षी दार," ते म्हणाले. "या वर्षी रंग."

"हो."

"आणि तो माझ्यासमोर उभा राहून चूक झाली म्हणाला."

"हो."

बाबांनी ओले हात सदऱ्याला पुसले. खिशातून किल्ली काढली. "ही त्याला नेऊन दे. आणि माझ्याकडून त्याला सांग," एवढे बोलून ते थांबले. "दे नुसती," ते म्हणाले आणि पुन्हा नळ सोडला.

मामा दोन गल्ल्या पलीकडे राहतो. तो ट्रंकेत कपडे भरत होता. मी किल्ली ट्रंकेवर ठेवली.

"सांगितलंस?" त्याने विचारले.

"सगळं."

"काय म्हणाले?"

"वाक्य अर्धंच म्हणाले."

"दाजींच्या मानानं बरंच झालं."

मी विचारले, "तुला त्याच दिवशी कळलं होतं ना? मग मला का नाही सांगितलंस? मी पुन्हा लावला नसता."

मामा सदऱ्याची घडी घालत राहिला. "सांगणार होतो. तू चाक लावत होतास आणि शीळ घालत होतास. तुझी शाळा सुटल्यापासून ऐकली नव्हती. म्हटलं, गुपचूप खरवडून टाकू, याचा आनंद याला राहू दे. तू परत रंगवशील हे डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं. ओळखतो की तुला."

"आणि बाबांसमोर?"

"त्यांच्यासमोर बोललो असतो तर तुझं पुन्हा मशीनच्या खोलीसारखं झालं असतं. मला काय, मला खडी होती."

"तुझी कंबर?"

"कंबर खडीला घाबरते हे तुझ्या आईनं पसरवलंय." त्याने ट्रंकेतले कपडे परत काढायला सुरुवात केली. तळाशी माझा हरवलेला रेड ऑक्साइडचा डबा होता. "हा खाणीवर नेणार होतो," तो म्हणाला. "तुझ्यापासून जेवढा लांब तेवढा बरा."

मला रडू आले. मामाने डब्याकडे बोट दाखवून सांगितले, "यात नको. पातळ होईल."

३ मार्च, मंगळवार

मामाने चालवली, मी शेजारी. नऊ अंडी चिरली. नऊच. पहिल्या खेपेची अंडी तेरा तारखेला यंत्रात ठेवली होती, त्यांची पिल्ले शुक्रवारपर्यंत कळतील. त्याची धाकधूक आहेच.

सकाळी निघताना बाबा फाटकापाशी आले होते. गाडीचे बघणे अजून माझ्याकडे आहे की नाही, हे दोन दिवसांत कोणी बोलले नव्हते आणि विचारायची मला छाती नव्हती. बाबांनी खिडकीवर हात ठेवला. मामाकडे बघून नुसते "हं" म्हणाले. मामाही "हं" म्हणाला. मग बाबा माझ्याकडे वळले.

"नट बघितलेस?"

"बघितले."

"किती वेळा?"

"एकदा," मी म्हणालो.

"मग निघा," बाबा म्हणाले आणि त्यांनी फाटक उघडले.

खरे तर दोनदा बघितले होते.